तापीच्या डोहांतील मत्स्यवेध

खानदेशाचा इतिहास म्हटला कीं आमच्या डोळ्यांपुढें प्रथम थाळनेरचा किल्ला आणि फारुकी सुलतान येतात. मग पेशव्यांचे कमाविसदार, १८१८ सालची इंग्रजांची स्वारी, आणि त्यामागून आगगाडीनें मुंबईस जाणारा कापूस. ह्या सर्व गोष्टींना कागद आहे. कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं आपल्या आयुष्याचीं शेवटचीं वर्षें धुळ्यास घालविलीं. १९२६ च्या डिसेंबरांत त्यांनीं तेथेंच देह ठेविला, आणि पुढच्याच वर्षीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ त्या गांवीं उभें राहिलें. खानदेशांतल्या सुशिक्षितांची कागदावर जी श्रद्धा आहे तिचें मूळ येथें आहे, आणि ती श्रद्धा योग्यच आहे. परंतु कागद हा मुख्यतः जमिनीचा होतो. शेताला सारा लागतो म्हणून शेताची नोंद राहते; वतनाचा तंटा होतो म्हणून वतनाचा महजर होतो. डोहांतला मासा सकाळीं मारून सांजेस खाल्ला, तर त्याचा महजर कोण करणार?

त्यामुळें खानदेशच्या नद्यांतून अन्न काढणाऱ्या माणसांचा इतिहास आमच्याकडे जवळजवळ लिहिलाच गेला नाहीं. त्यांतल्या त्यांत भोई आणि कोळी यांच्या जाळ्याची थोडीफार दाद लागते, कारण जाळ्यांतली मासळी बाजारांत येते आणि बाजारावर सरकारचा डोळा असतो. पण भिल्लाचा बाण आणि बरची? बाणानें मारलेला मासा बहुधा बाजारापर्यंत पोंचतच नाहीं. ह्या लेखांत आम्ही त्या बाणाकडेच वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. खानदेश म्हणजे १९०६ सालीं पूर्व व पश्चिम असा विभागला गेलेला जुना मुलूख. आजच्या हिशेबानें जळगांव, धुळें, आणि १९९८ सालीं धुळ्यांतून वेगळा निघालेला नंदुरबार, हे तीन जिल्हे. त्याच्या उत्तरेस सातपुडा, मधून पश्चिमवाहिनी तापी, आणि डोंगराच्या कुशींत भिल्ल, पावरा, मावची, तडवी इत्यादि लोकांची वस्ती.

विषय समजण्यास प्रथम ह्या नद्यांचा स्वभाव ध्यानांत घेतला पाहिजे. तापी मुलताईस उगम पावून ७२४ किलोमीटरांचा प्रवास करून सुरतेजवळ समुद्रास मिळते. खानदेशांत तिला दक्षिणेकडून वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, बुराई, आणि सातपुड्याकडून अनेर, अरुणावती, गोमाई ह्या नद्या येऊन मिळतात. पावसाळ्यांत ह्या सर्वांचें पाणी इतकें गढूळ असतें कीं बोटभर खोलीवरचा मासाहि दिसावयाचा नाहीं. दिवाळीच्या सुमारास तें निवळूं लागतें. माघ-फाल्गुनांत धार बारीक होते. आणि चैत्र-वैशाखांत लहान नद्या जागोजाग तुटून त्यांचे निरनिराळे डोह बनतात. नदीभर पसरलेली मासळी त्या वेळीं ह्या डोहांत कोंडली जाते. तळाशीं काळ्या खडकाच्या फरशा, त्यांच्यांत भेगा आणि कपारी. कपारींत वाम दडून बसते, कांठच्या शेवाळांत मरळ, गाळांत शिंगटी, आणि मधल्या खोल पाण्यांत महासीर. उष्ण समुद्रांतील प्रवाळखडकांविषयीं जीं वर्णनें प्रवासी लिहितात, त्यांतहि हाच प्रकार असतो. खडक, कपार, आणि सावली पडतांच कपारींत नाहींसा होणारा मासा. खानदेश समुद्रापासून दूर खरा, पण त्याला आपले प्रवाळखडक ह्या डोहांच्या रूपानें मिळालेले आहेत, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां बाणाची अडचण पाहूं. वाचकांनीं घरीं एक प्रयोग करून पाहावा. रिकाम्या गंगाळाच्या तळाशीं एक रुपया ठेवावा आणि गंगाळाच्या कांठाआड तो रुपया दिसेनासा होईल इतकें मागें सरावें. मग दुसऱ्या कोणास तरी गंगाळांत हळूहळू पाणी ओतावयास सांगावें. आपण जागचे हललों नाहीं, रुपया हलला नाहीं, तरी तो वर येऊन दिसूं लागतो. किरण पाण्यांतून हवेंत येतांना वांकतात, त्याचा हा परिणाम. दुसऱ्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीनें ह्या वांकण्याचीं कोष्टकें तयार केलीं. त्याचा नेमका नियम युरोपांत १६२१ च्या सुमारास स्नेल नांवाच्या डच पंडितास सांपडला. पाण्यापुरतें सांगावयाचें तर सरळ वरून पाहणाऱ्यास चार हात खोल असलेला मासा तीनच हातांवर भासतो. तिरकें पाहावें तसतसा तो आणखीच वर आल्यासारखा दिसतो. म्हणजे मासा दिसतो तेथें तो नसतो. दिसेल तेथें नेम धरणाऱ्याचा बाण त्याच्या पाठीवरून निघून जातो.

ह्यावर उपाय एकच: नेम माशाच्या खालीं धरावयाचा. किती खालीं, हें मात्र कोणत्याहि कोष्टकानें सांगतां येण्यासारखें नाहीं, कारण खोली, पाहण्याचा कोन आणि माशाची चाल ह्या तीनहि गोष्टी क्षणाक्षणास बदलतात, आणि बाण सोडावयाचा तो त्या क्षणांत. शिवाय बाण फार तिरका पडला तर पाण्यावरून घसरतो; फार लांबून मारला तर पाण्यांत शिरतांच त्याचा वेग मरतो. म्हणून मासा जवळ आणि जरा खालींच असला पाहिजे. जवळ जावें तर मासा पाहतो! त्याचीहि एक गंमत आहे. पाण्यांतून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचें सगळें जग, क्षितिजापासून क्षितिजापर्यंत, डोक्यावरच्या सुमारें सत्त्याण्णव अंशांच्या एका गोल खिडकींत आंखडून दिसतें. कांठावर ताठ उभा राहिलेला माणूस त्या खिडकींत स्पष्ट उमटतो. तोच वांकून जमिनीसरसा बसला तर खिडकीच्या कडेस चेंगरून जातो व जवळजवळ दिसेनासा होतो. त्यांत माशाच्या अंगावर जी एक रेघ दोन्ही बाजूंनीं गेलेली असते, तिनें त्याला पाण्याची हालचाल कळते. पाण्यांत टाकलेलें जड पाऊल त्याला डोळ्यांआधीं ह्या रेघेनें समजतें. तेव्हां वांकून बसावें, सावली पाण्यावर पडूं देऊं नये, पाऊल दाबून टाकावें, असा जो शिकाऱ्याचा आचार आहे त्यांतील प्रत्येक कलमाला पदार्थविज्ञानाचा आधार आहे. तो आचार ज्यांनीं बसविला त्यांना स्नेलचें नांव ठाऊक नव्हतें इतकेंच.

आमच्याकडे मत्स्यवेध म्हटलें कीं द्रौपदीचें स्वयंवर आठवतें. कीर्तनांत ही कथा जशी सांगतात तींत वर फिरता मासा आहे, खालीं पाण्यांत त्याचें प्रतिबिंब आहे, आणि अर्जुन प्रतिबिंबाकडे पाहून वरच्या माशाचा डोळा फोडतो. हें कौशल्य अलौकिक आहे, ह्यांत शंका नाहीं. पण पाण्याच्या दृष्टीनें पाहिलें तर तें तितकेंसें अवघड नव्हे, कारण प्रतिबिंब खोटें बोलत नाहीं. स्थिर पाणी हा प्रामाणिक आरसा आहे. जितका मासा वर, तितकेंच प्रतिबिंब खालीं. पाण्यावर पाहावयाचें आणि पाण्यांतून पाहावयाचें, ह्यांत मोठें अंतर आहे. अर्जुनाचा मासा लांकडाचा होता आणि हवेंत होता. भिल्लाचा मासा जिवंत, पाण्याखालीं, आणि दिसतो त्या जागीं नसलेला. त्याच महाभारतांत ज्याचा अंगठा गेला त्या एकलव्यास भिल्ल लोक आपला पूर्वज मानतात, आणि त्याच्या स्मरणार्थ आपण अंगठा न लावतां दोन बोटांनीं दोरी ओढतों असें सांगतात. ही कथा खरी कीं मागाहून जोडलेली, ह्या वादांत आम्ही पडत नाहीं. मात्र भिल्ल हा शब्दच धनुष्यवाचक द्राविडी शब्दापासून आला असें कित्येक भाषापंडितांचें मत आहे, तें येथें सांगण्यासारखें आहे.

समुद्राकडे वळलें तरी हेंच गणित पाठीस लागतें. पॅसिफिक महासागरांतील बेटांचे लोक पूर्वापार हातांत भाला घेऊन प्रवाळखडकांत बुडी मारतात व श्वास कोंडून मासा टिपतात. विसाव्या शतकांत त्यांनीं डोळ्यांस कांचा लावण्यास सुरुवात केली. १९३० नंतर भूमध्यसमुद्राच्या कांठीं हौशी युरोपीय व अमेरिकन लोक तसाच खेळ खेळूं लागले, आणि गिलपॅट्रिक नांवाच्या अमेरिकन लेखकानें १९३८ सालीं त्यावर एक पुस्तकहि लिहिलें. पाण्यांतच उतरल्यावर दृष्टिभ्रम संपावयास पाहिजे, असें कोणासहि वाटेल. पण सपाट कांच आणि तिच्यामागची हवा असल्यामुळें चार हातांवरचा मासा तेथेंहि तीन हातांवर, आणि शिवाय एकतृतीयांशानें मोठा भासतो! नवशिका भाला फेंकतो आणि तो माशापर्यंत पोंचतच नाहीं. चारास तीन हें पाण्याचें प्रमाण. तापीच्या कांठीं भिल्लाला आणि दक्षिण समुद्रांत बेटकऱ्याला तें एकच उदाहरण सोडवावें लागतें, आणि दोघांच्याहि बाबतींत उत्तर डोळ्यांस व दंडास पाठ झालेलें असतें. त्याला तोंडानें विचारलें तर सांगतां येत नाहीं.

हत्यारावरूनहि पुष्कळ कळतें. भिल्लाचें धनुष्य बांबूचें, आणि त्याची दोरीहि बांबूच्याच सालीची, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. तांत किंवा सूत पाण्यानें सैल पडतें; ज्याला ओल्यांत वावरावयाचें त्याला बांबूची साल बरी. मासळीचा बाण पाखरा-सशांच्या बाणाहून निराळा असावा लागतो. पिसें पाण्यांत निरुपयोगी, उलट अडचणीचीं. म्हणून जगांत जेथें जेथें बाणानें मासे मारतात तेथें बहुधा लांब, विनापिसांचा, मागें वळलेल्या दांत्यांचा बाण आढळतो. दांते नसले तर मासा एका हिसक्यासरशी सुटतो व मरावयास कपारींत जातो, म्हणजे त्याचाहि नाश आणि शिकाऱ्याचेंहि नुकसान. रात्रीं मशालीच्या उजेडांत उथळ पाण्यांत बरचीनें किंवा नुसत्या कोयत्यानें मासे मारण्याचा प्रघात तर महाराष्ट्रांत पुष्कळ ठिकाणीं आहे.

बाणाला सर्वांत योग्य मासा म्हणजे मरळ. तिला कल्ल्यांनीं घेतलेली हवा पुरत नाहीं. ठराविक वेळानें वर येऊन तोंडानें श्वास घ्यावा लागतो. ती जेथें एकदां वर आली तेथें पुन्हा येणार हें ओळखून शिकारी दबून बसतो. आणि मरळीची जोडी आपल्या पिलांचा थवा राखीत फिरते. तांबूस पिलांचा तो पुंजका पाण्याच्या वर दिसला कीं खालीं आईबाप आहेत हें निश्चित. ह्या वेळीं ती जागा सोडीत नाहीं, म्हणून मारण्यास सोपी. आणि ह्याच वेळीं मारली तर पिलें इतर माशांच्या तोंडीं जातात. भिल्लाच्या बाणाला निरागस ठरविण्याचा आमचा हेतु नाहीं, म्हणूनच ही गोष्ट येथें मुद्दाम नमूद केली.

ही विद्या किती जुनी? चाळीसगांव तालुक्यांतील पाटणें येथें १९७० नंतरच्या दशकांत साळी यांनीं उत्खनन केलें, त्यांत सुमारें पंचवीस हजार वर्षांपूर्वींचीं, शहामृगाच्या अंड्याच्या कवचावर रेघा कोरलेलीं व मणी केलेलीं द्रव्यें निघालीं. (खानदेशांत शहामृग! पण होता.) त्याच भागांत बारीक गारगोट्यांच्या पात्या सांपडतात; अशा पात्या लांकडांत बसवून दांत्यांचे बाण व भाले करीत, हें इतर देशांतील नमुन्यांवरून ठाऊक आहे. पाटण्याचें नांव आणखी एका कारणानें प्रसिद्ध आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला तो तेथें, आणि त्याचा शिलालेख शके ११२८ चा आहे. लीलावतींत कमळाच्या देंठावरून सरोवराची खोली काढण्याचें सुंदर उदाहरण आहे. मात्र पाण्यांतून खोली खरी दिसते कीं नाहीं, हा प्रश्न त्या उदाहरणांत उद्भवत नाहीं. शिष्य मठांत खोलीचें गणित करीत असतां त्याच डोंगराच्या ओढ्यावर कोणी अक्षरशत्रु तें बाणानें करीत असेल, ही आमची केवळ कल्पना. पण ती सोडवत नाहीं.

पाटण्याच्या मानानें अलीकडचा, तरी चार हजार वर्षांमागचा, पुरावा तापीकांठच्या सावळदें गांवाचा. त्या गांवाच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या मृत्पात्रांवर बाणाग्रांसारख्या हत्यारांचीं चित्रें आढळतात. भांड्यावर माणूस सहसा आपल्या रोजच्या ओळखीच्या वस्तु काढतो. तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशें येथें थापर यांनीं १९५४-५५ त उत्खनन करून ताम्रपाषाणयुगापासूनची वस्ती उजेडांत आणली. गिरणेच्या कांठीं बहाळ येथेंहि तशीच वस्ती निघाली. ह्या सर्व वस्त्या नदीला लागून आहेत. पाण्यासाठीं आणि शेतीसाठीं, हें खरेंच. परंतु उन्हाळ्यांत दारापुढच्या डोहांत कोंडलेली मासळी ह्या लोकांनीं सोडली असेल, हें आम्हांस संभवनीय वाटत नाहीं. ह्यापलीकडे जाऊन आजचा भिल्ल हाच त्यांचा सरळ वंशज, असें कोणी म्हणेल तर मात्र तें पुराव्यास सोडून होईल. हत्यार सारखें म्हणून हात तेच, हा तर्क धोक्याचा आहे.

ग्रंथांत मासळी येते ती राजाच्या बाजूनें. अशोकानें आपल्या पांचव्या स्तंभलेखांत, अभिषेकास सव्वीस वर्षें झाल्यावर, कांहीं जातींचे मासे अवध्य ठरविले व ठराविक तिथींस मासे मारण्यास आणि विकण्यास बंदी केली. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत रचलेल्या मानसोल्लासांत तर मत्स्यविनोद असें एक प्रकरणच आहे. त्यांत माशांच्या जाती, त्यांना घालावयाचें आमिष, गळ आणि दोरी यांचें इतकें बारीक वर्णन आहे कीं राजानें स्वतः कांठावर बसून तासन् तास घालविले असले पाहिजेत. पण तो विनोद आहे. मासा न सांपडला तर सोमेश्वराचें ताट रिकामें राहत नव्हतें.

१८१८ नंतर खानदेश इंग्रजांकडे आला तेव्हां त्यांना भिल्ल दिसला तो दरोडेखोर म्हणून. कित्येक वर्षें फौजा पाठवून उपयोग झाला नाहीं, तेव्हां १८२५ सालीं धोरण बदललें. कांहींना तगाई देऊन नांगरास लावावयाचें, कांहींना बंदूक देऊन पलटणींत घ्यावयाचें. लेफ्टनंट औट्रम यानें धरणगांवास जी भिल्ल पलटण उभी केली तिचा इतिहास सिम्कॉक्स नांवाच्या अधिकाऱ्यानें १९१२ सालीं स्वतंत्र पुस्तकांत लिहिला आहे. ह्या धोरणाची स्तुति पुष्कळांनीं केली आहे आणि तें तोफांपेक्षां शहाणपणाचें होतें हें आम्हीहि मान्य करतों. पण नांगर आणि बंदूक ह्या दोहोंमध्यें धनुष्याला जागा उरली नाहीं. धनुष्य हें बंडाचें चिन्ह झालें. १८५८ च्या एप्रिलांत आंबापाणीच्या लढाईंत खाज्या नाईकाच्या लोकांनीं त्या चिन्हाला आणखी दृढता आणली. इंग्रजी कागदपत्रांत भिल्लाच्या हातांत बाण दिसतो तो माणसावर रोखलेला. माशावर रोखलेला बाण लिहून ठेवण्याचें कोणास कारण पडलें नाहीं.

त्याच काळांत एक अधिकारी मात्र माशांकडे पाहत हिंडत होता. कर्नल साइक्स हा १८२४ पासून दक्षिणेची पाहणी करीत होता. पुणें, अहमदनगर, धारवाड यांबरोबर खानदेशहि त्याच्या पाहणींत होता. त्यानें १८३९ च्या सुमारास दक्षिणेंतील माशांचें वर्णन प्रसिद्ध केलें. नवीन जातींना लॅटिन नांवें देतांना त्यानें एक चमत्कारिक गोष्ट केली. येथील मासे धरणाऱ्यांच्या तोंडचेंच नांव उचलून तें लॅटिनच्या पंक्तीस बसविलें. म्हणून आजहि जगांतल्या प्रत्येक मत्स्यशास्त्राच्या पुस्तकांत दक्षिणी महासीर हा खुद्री, शिंगटी ही सींगटी, घोगऱ्या हा गोग्रा आणि खडकास चिकटून राहणारा मळ्या हा मुल्या ह्या नांवानें नांदत आहे. नांव सांगणारे कोण होते, हें साइक्सनें लिहिलेलें नाहीं. तरी ज्या वर्गाची एकहि सही कोणत्या दफ्तरांत नाहीं, त्याचे शब्द लंडनच्या दफ्तरांत असे कायमचे नोंदले गेले. पुढें १८८० सालीं कॅम्बेलनें खानदेशचें गॅझेटियर संपादिलें. कापूस आणि सारा यांस त्यांत जीं पानें मिळालीं त्यांच्या मानानें मासळीच्या वांट्यास आलेली जागा अगदीं थोडी.

सरकारचें लक्ष मासळीकडे गेलें तें ती संपूं लागल्यावर. १८७३ सालीं डॉक्टर फ्रान्सिस डे यानें हिंदुस्थानांतल्या गोड्या पाण्याच्या मासळीवर अहवाल दिला. अंडीं घालण्यास वर चढणारी मासळी आणि लहान पिलें यांचा संहार ही त्याची मुख्य तक्रार होती. इतक्यांत नवीन हत्यार आलें. नोबेलनें १८६७ सालीं डायनामाइटचें पेटंट घेतलें आणि रस्त्यांच्या व खाणींच्या कामांबरोबर तें सर्वत्र पोंचलें. डोहांत एक नळी टाकली कीं लहानमोठे सगळेच मासे उताणे. १८९७ च्या चौथ्या कायद्यानें डायनामाइट आणि विष ह्या दोहोंसहि मनाई केली. दोन महिनेपर्यंत कैद किंवा दोनशें रुपयेपर्यंत दंड.

विषाच्या बाबतींत मात्र भिल्लांचीहि बाजू अगदीं स्वच्छ नाहीं. गेळाचीं फळें, हिंगणबेट, अशा वनस्पति ठेचून डोहांत कालविल्या कीं त्यांतील साबणासारख्या द्रव्यानें माशांचे कल्ले निकामी होतात आणि मासळी गुदमरून वर येते. ती खाणाऱ्यास बाधत नाहीं. मध्य हिंदुस्थानच्या सगळ्या डोंगरपट्ट्यांत उन्हाळ्यांत गांवच्या गांव मिळून हा उद्योग करीत. त्याचा एक बचाव करतां येतो. तो वर्षांतून एकदां, आटत चाललेल्या डोहांत, आणि सर्वांनीं वांटून घेण्यासाठीं होता. तेथली मासळी पुढें पाण्याअभावीं मेलीच असती. हा बचाव आम्हांस निम्मा पटतो. निम्मा अशासाठीं कीं प्रत्येक डोह आटतोच असें नाहीं, आणि जो आटत नाहीं त्यांतली वांचलेली मासळीच पुढच्या पावसाळ्याचें बीज असते.

बाणाची गोष्ट ह्या दोहोंहून वेगळी आहे, आणि आमच्या मतें त्या हत्याराचा खरा विशेष येथें आहे. त्याची मर्यादा कोणा ऋषीनें घातलेली नाहीं, पाण्यानें घातलेली आहे. पाणी निवळ पाहिजे, म्हणजे पावसाळ्याचे महिने, ज्यांत मासळी अंडीं घालावयास चढते, ते आपोआप वगळले जातात. खोली दोनचार हातांची पाहिजे, म्हणजे डोहाचा तळ सुरक्षित. मासा बाणाच्या किंमतीचा पाहिजे, म्हणजे बोटभर पिलें सुटतात. आणि एका बाणास एक मासा. बहुतेक बाणांस एकहि नाहीं. ह्याला कोणी दयाधर्म म्हणूं नये. भिल्लाला दोन मासे एका बाणांत मिळते तर त्यानें ते घेतले असते. मोठे मासेच टिपले जातात हाहि दोष आहेच, कारण सर्वांत मोठी मादी सर्वांत अधिक अंडीं घालते. पण एका माणसाच्या बाणानें डोह रिकामा झाला, असें होऊं शकत नाहीं. १८९७ च्या कायद्यांत बाणाचें नांव नाहीं, तें बहुधा ह्यामुळेंच. १९२७ च्या जंगल-कायद्यानें मात्र हा भेद ठेविला नाहीं. राखीव जंगलांत नियमांविरुद्ध शिकार करणें, मासे मारणें, पाण्यांत विष घालणें आणि सांपळे लावणें, हीं सगळीं कृत्यें त्याच्या सव्विसाव्या कलमांत एकाच ओळींत बसलीं आहेत.

त्यानंतर जें झालें तें कायद्यानें नव्हे, सिमेंटानें झालें. गिरणेवर १९६९ त, तापीवर खालीं उकाई येथें १९७२ त, आणि वर हतनूर येथें १९८२ त धरणें पुरीं झालीं. नर्मदेवरच्या सरदार सरोवरानें अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतलीं गांवें पाण्याखालीं नेलीं. शेतीला ह्यांतून जें मिळालें तें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. जळगांवची केळी पाण्याशिवाय झाली नाहीं. पण वाहत्या पाण्याचा आणि खडीच्या तळाचा मासा जो महासीर, त्याला उभें पाणी मानवत नाहीं, आणि धरणाची भिंत चढून त्याला विणीस वर जातां येत नाहीं. शेजारच्या मध्यप्रदेशानें २०११ सालीं महासीरास राज्यमासा ठरविलें, तेंहि तो नर्मदेंत दुर्मिळ झाल्यावर. सरोवरांत रोहू-कटल्याचें बी सोडतात. तेथें जाळें आणि नाव लागते. दहा पुरुष खोल, गढूळ पाण्यावर बाण चालत नाहीं. ज्यांचे डोह बुडाले त्यांपैकीं कांहीं गांवांनीं सहकारी संस्था काढून जाळें हातीं घेतलें आहे, आणि तें त्यांच्या शहाणपणाचें लक्षण आहे. मात्र हा धंदा नवा आहे, जुन्याचा विस्तार नव्हे.

आणि आतां कागदाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला आहे. २००६ सालच्या वनहक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमांत सामूहिक हक्कांमध्यें मासे आणि पाणवठ्यांतील इतर उत्पन्न स्पष्ट शब्दांत घातलें आहे. म्हणजे जें १९२७ सालीं गुन्ह्यांच्या ओळींत होतें तें २००६ सालीं हक्कांच्या ओळींत आलें. हक्क सांगावयाचा तर पुरावा पाहिजे, आणि आम्हीं आरंभींच म्हटल्याप्रमाणें डोहाचा महजर कोणी केलेला नाहीं. सुदैवानें ह्या कायद्याचे २००८ चे नियम करणाऱ्यांस ही अडचण दिसली असावी; त्यांच्या तेराव्या नियमांत सरकारी दफ्तरें, गॅझेटियरें यांबरोबर, दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्या माणसांचें लिहून घेतलेलें निवेदन हाहि पुरावा धरला आहे. असें निवेदन घ्यावयास बसणाऱ्यानें तुम्ही मासे मारीत होतां काय, एवढेंच विचारून भागणार नाहीं; त्याला होय हें एकच उत्तर मिळेल, आणि तें कोणीहि देईल. कोणत्या डोहावर, कोणत्या महिन्यांत, ऊन कोणत्या अंगाला असतां, मासा किती खोल दिसे आणि नेम किती खालीं धरावा लागे, असें विचारावें. ज्यानें तेथें बाण सोडला आहे तो हाताची वीत पुढें करून माप दाखवील, आणि तें माप प्रत्येक डोहाचें वेगळें निघेल.